आतल्या खोलीचा मान

बायकोच्या पायात चपला घालणारा मुलगा आपल्या पोटी यावा, हे मोठ्याबाईंच्या फार जिव्हारी लागलं. दिवसाढवळ्या, जिन्याच्या वळणावर, खालून कामगारांनी मान वर केली तर दिसेल अशा जागी तो एक गुडघा टेकून बसला होता. सून भिंतीला हात लावून उभी, आणि हा तिचं पाऊल हातात धरून चप्पल अशी सरकवत होता, जशी दुकानातला माणूस गिऱ्हाइकाला सरकवतो.

"काय हरवलं रे?" मोठ्याबाईंनी वरच्या पायरीवरून विचारलं.

तो चटकन उठला. पँटचा गुडघा झटकला. "काही नाही. चप्पल निसटली तिची."

"तिची निसटली ना? मग तिला हात नाहीत?"

"आई, सोड ना."

"मी कुठं धरलंय? धरलंयस तू. आज पाय धरलेस, उद्या घास भरव, परवा पाठुंगळी घेऊन बाजार दाखवून आण."

सुनेने मान खाली घातली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेली. पावलं अशी टाकत होती, की जणू पायरी जागेवर आहे की नाही याची तिला खात्री नव्हती. मोठ्याबाईंना त्यातही नखराच दिसला. त्यांच्या नवऱ्याने उभ्या जन्मात त्यांना "दमलीस का" म्हणून विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी दमून दाखवलं नव्हतं. आता त्याच माणसाचा मुलगा बायकोचा बैल झाला होता, आणि तेही कारखान्याचा मालक झाल्यावर.

घर वर आणि कारखाना खाली. बायकांच्या पर्स बनवायचा कारखाना. रेक्झीनचे तागे, अस्तराचे गठ्ठे, चेनची भेंडोळी, बकलांचे डबे आणि दिवसभर खडखडणारी शिलाई मशिनं. "मोठ्याबाई" हे नाव कामगारांनी दिलेलं, आणि ते तोंडावर घ्यायचं. पाठीमागे त्यांना "जकातनाका" म्हणत, कारण त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही पर्स बाहेर पडत नसे. मोठ्याबाईंना हे दुसरं नाव ठाऊक होतं. त्यांना ते आवडायचं.

कारखान्याच्या मागच्या अंगाला एक आतली खोली होती. मशिनच्या खोलीतून तिथं जायचं, रस्त्यावरून ती दिसत नसे. धंदा सुरू केला तेव्हा मोठ्याबाईंच्या नवऱ्याने त्या खोलीत एक टेबल टाकून दिलं होतं. आपल्या घरची बाई कामगारांच्या रांगेत बसणार नाही, येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नजरेखाली बसणार नाही, असं त्याने ठरवलं आणि ते साऱ्यांना सांगितलं. पर्सची दर्शनी पट्टी, म्हणजे जी बघून गिऱ्हाईक हात पुढे करतं ती, फक्त मालकिणीने त्या खोलीत बसून चिकटवायची. खोलीला एक खिडकी, ती कायमची बंद. ओल्या पट्टीवर रस्त्याच्या धुळीचा एक कण बसला, तर पर्सच्या तोंडावर पुटकुळी आल्यासारखं दिसतं. पंखाही नाही, पट्ट्या उडतात.

त्या खोलीत मोठ्याबाईंनी आपली उमर काढली. डोळे अधू झाले तेव्हा ती खोली त्यांनी सुनेला दिली. कपाटाच्या किल्ल्या अजून कमरेला होत्या. खोली मात्र दिली, आणि चार बायकांच्या देखत दिली. "इथं बसायचा मान आहे," त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "सगळ्यांना नाही मिळत."

आणि त्या मानाचं सुनेने काय केलं? गेल्या काही महिन्यांपासून नुसती घसरगुंडी. आधी चपला. एक जिन्यात, एक मोरीच्या दारात. बाई एका पायात चप्पल घालून स्वयंपाकघरभर हिंडायची आणि दुसरा पाय अनवाणी आहे हे तिच्या गावीही नसायचं. मग कप फुटायला लागले. मग ब्लाउजची बटणं लावायला तिला इतका वेळ लागायचा, की मोठ्याबाई बाहेरून विचारत, "शिवतेस का घालतेस?" चालताना पावलं फटक-फटक वाजायची, पाण्यात चालणाऱ्या बदकासारखी. मोठ्याबाईंनी तिला एकदा सांगितलंही, की जमिनीवर राग काढू नकोस, जमीन माझ्या नवऱ्याच्या पैशाची आहे.

सून उलटून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती हसायची, ओठ मिटून. त्या हसण्यावर मोठ्याबाईंच्या तोंडाचा पट्टा आणखी सुटायचा.

मग एका दुपारी ती पडली. जेवणाचे डबे घेऊन खाली निघाली होती, शेवटच्या चार पायऱ्यांवरून घरंगळत मशिनच्या खोलीत आली. मशिनं थांबली. मोठ्याबाई तिथंच बकलं तपासत बसल्या होत्या. आधी त्यांनी सांडलेल्या जेवणाकडे बघितलं, मग सुनेकडे.

"झालं? आता जमिनीलाच जेवायला घाला."

मुलगा माल पोचवायला गेला होता. दोन बायकांनी धरून सुनेला आतल्या खोलीतल्या खुर्चीवर बसवलं. मोठ्याबाई मागून गेल्या, ते लागलं का बघायला नाही, बोलणं अर्धं राहिलं होतं म्हणून. खोलीत शिरताच पट्ट्या चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र, पेट्रोलसारखा वास नाकात घुसला. सुनेचा पाय पुढे पसरलेला होता. टाचेच्या पुढे, तळव्याच्या मऊ भागात काहीतरी चमकत होतं.

मोठ्याबाईंनी वाकून पाहिलं. पट्ट्याला ठोकायचा बारीक खिळा. डोक्यापर्यंत आत रुतलेला. आजूबाजूचं रक्त काळं पडून वाळलेलं, म्हणजे आत्ताचं नव्हे, सकाळचं तरी असावं. त्याच पायाने ती सकाळपासून जिना चढत-उतरत होती.

"हे काय आहे?"

"काय, आई?"

मोठ्याबाईंनी नखांत धरून खिळा ओढला. तो सहज आला नाही, दोनदा हिसका द्यावा लागला. त्या सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या. डोळ्याची पापणी हलली नाही. सून अजून वाट बघत होती, सासू काय दाखवणार आहे याची.

नखरा करणाऱ्या बायका मोठ्याबाईंनी ढिगाने पाहिल्या होत्या. लागल्यावर लागलं नाही असा नखरा मात्र कुणाला जमत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी खिळा टेबलावर ठेवला, बायकांना कामाला पिटाळलं आणि दार लावून घेतलं.

"कधीपासून?"

सून टेबलावरच्या खिळ्याकडे बघत राहिली.

"मी भिंतीशी बोलत नाहीये."

"बरेच दिवस झाले," सून म्हणाली. "आधी बोटं गेली. मग पावलं. आता घोट्याच्या वरपर्यंत. हातालाही मुंग्या येतात. पट्टी धरलेली दिसते, पण बोटांना लागत नाही."

"आणि सांगायला तोंड?"

"ह्यांनी सांगितलं, कुणाकडे बोलू नको."

"का?"

तेव्हा ती रडायला लागली. "माझ्या आईचे पाय असेच गेले होते. शेवटची कितीतरी वर्षं ती बिछान्यातच होती. तुम्हाला आमच्याकडून कुणी सांगितलं नाही. हे म्हणाले, तुझ्या आईकडून तुझ्या रक्तात आलंय, आता काही करून उपयोग नाही. तुम्हाला कळलं तर म्हणाल, फसवून मुलगी दिली. तेवढं झाकून ठेवू."

मोठ्याबाई तसं म्हणाल्याच. अगदी तेच शब्द. फसवून मुलगी दिली, अधू आईची अधू मुलगी माझ्या गळ्यात मारली, मुलाला वश करून गुंडाळलं आणि वर त्याच्याकडून चपला घालून घेतल्या. बरंच बोलल्या. सून मान डोलावत राहिली, जणू ते सगळं तिनं आधीच मनाशी म्हणून झालं होतं. आणि शेवटी मोठ्याबाई म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात जायचं. मला हे डॉक्टरच्या तोंडून ऐकायचंय. मग तुझ्या बापाला बोलावते आणि त्याच्यासमोर परत ऐकवते."

मुलाला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "डॉक्टर कशाला आता? घरातली गोष्ट घरात आहे."

"घरातली गोष्ट जिन्यावरून गडगडत कारखान्यात आली. सगळ्यांनी पाहिली."

"मी बघतो ना तिचं. मी तेल लावतो पायाला रोज."

"म्हणूनच तर चकाकतात. चालत मात्र नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला, आणि मोठ्याबाई सुनेला रिक्षात घालून सरकारी इस्पितळात घेऊन गेल्या. तिथल्या रांगेत त्यांनी तीन जणांशी भांडण केलं आणि एकाला हरवलं. पहिला डॉक्टर पोरगेलासा होता. साखर तपासली, रक्त तपासलं, पाठीचा फोटो काढला. सगळं बरोबर आलं. तेव्हा तो पेन टेबलावर वाजवत म्हणाला, की कधीकधी घरात ताण असतो, सासू-सुनेचं पटत नसतं, आणि मन शरीरावर काढतं.

"माझं हिच्याशी पटत नाही, हे खरं आहे," मोठ्याबाई म्हणाल्या. "पण माझ्या बोलण्याने खिळा टोचायचा थांबतो, असं असतं तर तुम्ही भूल द्यायला मलाच ठेवलं असतं."

त्याने त्यांना वरच्या मजल्यावर नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बहुधा सुटका करून घ्यायला.

डॉक्टरीण पन्नाशीची, केस मागे करकचून बांधलेले, आवाज बसलेला. तिने आधी सुनेला डोळे मिटायला लावले आणि पायाच्या बोटाला हात लावून विचारलं, बोट वर केलंय की खाली. सुनेनं प्रत्येक वेळी चुकीचं सांगितलं. मग तिच्या पायांना आणि हातांना तारा लावून थोडी थोडी वीज सोडली आणि नसा किती वेगाने निरोप पोचवतात ते मशिनवर पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून बसली.

"तुमच्या आईचे पाय गेले होते म्हणालात. कसे गेले?"

"शिडीवरून पडली होती," सून म्हणाली. "माळ्यावरचं काढायला चढली होती. पाठीचा मणका मोडला."

"मग ते शिडीने गेले. रक्ताचा काय संबंध?"

"हे म्हणाले, नसा मुळातच दुबळ्या होत्या, म्हणून एवढ्याने गेली."

"हे म्हणजे कोण? डॉक्टर आहेत?"

"पर्सचा कारखाना आहे त्याचा," मोठ्याबाई मध्येच म्हणाल्या. त्यांना स्वतःला कळलं नाही, आपण हे का सांगितलं.

डॉक्टरीण त्यांच्याकडे वळली. "कारखान्यात ह्या काय करतात?"

"दर्शनी पट्टी चिकटवते. माझ्या जागेवर बसते."

"कशाने चिकटवतात?"

"सोल्युशनने."

"पेट्रोलसारखा वास येतो? ब्रश फिरवला की लगेच सुकतं?"

"फुंकर मारायच्या आत सुकतं. नवं आणलंय मुलाने. आधीचं आळशी होतं."

"खोलीला खिडक्या किती, आजी?"

"एक. बंद असते. धूळ येते."

"दिवसातले किती तास?"

"सकाळच्या चहापासून दिवे लागेपर्यंत," सून म्हणाली. "जेवायला वर येते तेवढंच."

डॉक्टरिणीने डोळ्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सावकाश सांगायला लागली. सोल्युशन सुकतं म्हणजे त्यातलं पातळ हवेत उडतं. खोली बंद असेल तर ते जाणार कुठे, बसलेल्या माणसाच्या नाकात. नाकातून रक्तात. शरीर त्याची विल्हेवाट लावायला जातं आणि त्याच्यातून आणखी वाईट काहीतरी तयार करतं, जे नसा आतून मारतं. सगळ्यात लांब नस आधी मरते, टोकाकडून. म्हणून आधी पायाची बोटं, मग पावलं, मग हात.

"चेन उसवते तशी," मोठ्याबाई पुटपुटल्या.

"काय?"

"काही नाही. टोकापासून उसवत येते म्हणते."

मग त्यांचं डोकं जागेवर आलं आणि त्यांनी भांडायला सुरुवात केली. "बाई, तुमचं शिक्षण मोठं आहे. पण त्याच खोलीत, त्याच टेबलावर मी जन्म काढला. मला का नाही झालं?"

"तुम्ही काय लावायचात?"

"खळ. मैद्याची. नंतर सरस, चुलीवर वितळवून. घाण वास यायचा, पण हाताला चिकटायचा फक्त."

"म्हणून नाही झालं."

"बरं. मग व्हरांड्यातल्या दोघी? त्या पण हेच सोल्युशन लावतात, बाजूच्या पट्ट्यांना. त्या टणटणीत आहेत. एक तर दिवसभर गाणी म्हणते."

"कुठे बसतात म्हणालात?"

"मागच्या व्हरां..." मोठ्याबाईंचं वाक्य तिथंच अडलं. व्हरांड्याला तीन बाजूंनी भिंत नव्हती. वाऱ्याने बायकांचे केस उडत असत, त्या तक्रार करत असत.

डॉक्टरिणीने चष्मा परत डोळ्यावर चढवला. 

"आता त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही," ती सुनेला म्हणाली. "आणि आणखी एक. आज थांबवलंत तरी पुढचे काही महिने हे वाढतच जाईल. घाबरू नका, तसंच असतं. मग थांबेल. मग हळूहळू परत येईल. किती येईल ते मी सांगू शकत नाही. काहींचं सगळं येतं. काहींचं नाही. आणखी तीन महिन्यांपूर्वी आला असतात, तर मी जास्त ठामपणे बोलले असते."

परतताना रिक्षात सून फक्त एकदाच बोलली. "आईचं नव्हतं, म्हणजे," ती म्हणाली. मग रिक्षाबाहेर बघून तिनं ते पुन्हा म्हटलं. तिच्या आवाजात आनंद नव्हता. इतके महिने रोज आपल्या मेलेल्या आईवर मनातल्या मनात चिडलेलं माणूस जसं बोलेल, तसं ती बोलली.

मोठ्याबाईंनी तिला वर खिडकीच्या खोलीत झोपवलं आणि त्या खाली गेल्या. सरळ मागच्या व्हरांड्यात. चष्मेवाली बाई ब्रश फिरवत होती, शेजारची ठेंगणी गात होती. मोठ्याबाईंना बघून गाणं थांबलं.

"तुम्ही दोघी आधी मशिनच्या खोलीत बसायच्या. इथं कधी आलात?"

"नवं सोल्युशन आलं तेव्हा," चष्मेवाली म्हणाली. "चार दिवसांत डोकं गरगरायला लागलं. हिला तर उलट्या. मालकांना सांगितलं, मग त्यांनी इथं बसवलं."

"मला तर तो म्हणाला, उजेड चांगला आहे म्हणून."

"उजेड पण आहेच की," ठेंगणी म्हणाली.

चष्मेवालीने तिला कोपर मारलं. मग ब्रश डब्यावर ठेवून म्हणाली, "मोठ्याबाई, तुम्ही विचारताय म्हणून सांगते. सोल्युशनवाला आला होता तेव्हा आम्ही डबे उतरवून घेत होतो. तो मालकांना आमच्यासमोरच म्हणाला, हे बंद खोलीत वापरू नका, दुसऱ्या एका ठिकाणी पोरींचे पाय गेलेत. मालक म्हणाले, बरं, बरं. आम्हाला वाटलं वहिनींनाही बाहेर आणतील. मग आम्ही म्हटलं, असेल बाई, मोठ्या घरची मोठी खोली, तिथं वेगळी हवा असेल."

तिला टोमणा मारायचा होताच, आणि तो बसला. मोठ्याबाईंनी एरवी तिची सालं काढली असती. त्या दिवशी त्या मागे फिरल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. आधी खिडकीची कडी ओढली. ती गंजली होती, बकलं ठोकायच्या हातोडीने दोन ठोके दिल्यावर उघडली. धूळ आत आली आणि टेबलावरच्या ओल्या पट्ट्यांवर बसली. मोठ्याबाई खुर्चीवर बसून राहिल्या.

मुलगा संध्याकाळच्या आधी आला. सून वर निजली आहे हे त्याला कुणीतरी बाहेरच सांगितलं असावं. तो आतल्या खोलीच्या दारात थांबला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"तूच सांग. तुला आधीपासून ठाऊक आहे."

त्याने खिडकीकडे पाहिलं, मग पट्ट्यांकडे. "आई, तू आत्ता रागात आहेस."

"मी रोजच रागात असते, त्याचं काय? सोल्युशनवाल्याने सांगितलं होतं का नव्हतं?"

 तो दाराची चौकट धरून म्हणाला, "सांगितलं होतं. सगळेच वापरतात, आई. सगळा बाजार हेच वापरतो. त्या आधीच्याने दिवसाला जेवढ्या पट्ट्या व्हायच्या, त्याच्या दुप्पट होतात. ऑर्डर हातातून चालली होती. मला वाटलं, एवढी ऑर्डर होऊ दे, मग बदलू. मग दुसरी आली."

"आणि बायको?"

"मी बोललो होतो की तुला." आता त्याचा आवाज वर चढला. "तुला मी म्हणालो होतो, तिलाही व्हरांड्यात बसू दे. काय म्हणालीस तू? आठवतंय? घरची सून कामगारांच्या रांगेत बसणार नाही, म्हणालीस. माझ्या नवऱ्याने ही जागा मला दिली, म्हणालीस. तूच तिला इथं बसवलंस."

मोठ्याबाईंना आठवत होतं. शब्द न शब्द. ते म्हणताना त्यांना किती बरं वाटलं होतं, तेही आठवत होतं.

"मी विचारलं होतं, का बसू दे. तू म्हणालास, मोकळी हवा आहे. पाय जातील, असं म्हणाला नाहीस."

"म्हणालो असतो तर तू डबेच रस्त्यावर फेकले असतेस."

"फेकले असते."

"तेच तर."

तेवढ्या दोन शब्दांत सगळं होतं, आणि ते त्यालाही कळलं असावं, कारण त्याने चौकटीवरचा हात काढून घेतला. बाहेर मशिनं बंद होत गेली. बायका आपापलं सामान आवरत मुद्दाम हळू आवरत होत्या.

"आणि तिच्या आईचं?" मोठ्याबाईंनी विचारलं. "ते कुठून काढलंस?"

"ती विचारत होती रोज. काय झालंय, काय झालंय. मी काय सांगणार होतो? तिची आई तशी होतीच. तिला ते पटलं. ती शांत झाली."

"शांत झाली."

"मी तिची काळजी घेतोय, आई. तेल लावतो. जिन्यात धरतो. चपला..."

"चपला उचलतोस. म्हणजे कुणाच्या नजरेला पडू नयेत. मला वाटलं होतं, तू बायकोचा बैल झालास. तसा झाला असतास तरी चाललं असतं."

तो दारातच खाली बसला. डोकं हातात धरलं. त्याच्या मानेवर बापासारखाच केसांचा भोवरा होता. मोठ्याबाईंनी तो पाहिला आणि नजर काढून घेतली.  त्या उठल्या, टेबलावरचा सोल्युशनचा डबा झाकण लावून बाहेर ढकलला आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मशिनच्या खोलीतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, कारण कोपऱ्यात कुजबुजत बोलायची त्यांना सवय नव्हती.

"ऐक. तिला मी या खोलीत बसवलं, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्याचं काय करायचं ते माझं मी बघीन, माझ्या मागे लपायला येऊ नकोस. तुला ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या बायका तू बाहेर काढल्यास आणि स्वतःची आत ठेवलीस, कारण ती तक्रार करणार नव्हती. ते एक वेळ भित्रेपणा म्हणून सोडलं असतं. पण तू तिला तिच्या आईचं नाव सांगितलंस. पाय सोल्युशनने घेतले, आई तू घेतलीस. आता नीट ऐकून ठेव. तिचे पाय येतील की नाही ते डॉक्टरीण सांगत नाही. नाही आले, तर ती वर राहील आणि मी तिचं करीन, तू तिच्या पायाला हात लावायचा नाहीस. आले, आणि ती इथून निघून जाते म्हणाली, तर दार मी उघडून देईन. आणि तू माझा मुलगा असलास तरी त्या दारात मध्ये उभा राहायचं नाहीस."